समुद्राचा सातबारा

१

लहानपणी माझ्या डोळ्यांसमोर दोन चिमण्या होत्या. एक घरातली. औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून आईने केलेली रॉकेलची चिमणी. दुसरी बाहेर, आभाळाला टेकलेली. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची, २७५ मीटर उंचीची. रात्र झाली की तिच्यावर तांबडे दिवे लागत. आमच्या वाड्यात वीज नव्हती. आमची घरे ज्या जागेवर उभी होती त्या जागेचा कागद आमच्यापाशी नव्हता, आणि कागद नाही म्हणून मीटर नाही, असा साधा हिशेब होता. मी दहावीला गेलो त्या वर्षी घरात बल्ब लागला. तोपर्यंतचा माझा सगळा अभ्यास पहिल्या चिमणीपाशी झाला आणि त्यातून मान वर केली की दुसरी दिसे.

या दोन चिमण्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही. पुढे मी शिकलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आज एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मुलांना इंग्लंडमधली औद्योगिक क्रांती शिकवतो, मँचेस्टरच्या गिरण्या आणि कोळशाच्या खाणी शिकवतो. पण ज्या किनाऱ्यावर ही मुले जन्मली, जिथे गेल्या साठ वर्षांत अणुवीज आली, कोळशाची वीज आली आणि आता बंदर आले, त्या किनाऱ्याचा इतिहास त्यांच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीनेही नाही. प्रादेशिक नियोजन हा शब्द त्यांनी भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत पाहिलेला असतो. त्या शब्दाने आपल्या आईबापांचे काय केले हे त्यांना ठाऊक नसते. मलाही नव्हते.

म्हणून हा लेख. यात मला एकच गोष्ट मांडायची आहे. आपल्या देशातील नियोजन ज्याच्या नावाची नोंद आहे त्यालाच ओळखते. जो नोंद नसलेल्या जागेवर श्रम करून जगतो तो नियोजनाला दिसत नाही. समुद्राला सातबारा नसतो, म्हणून समुद्रावर जगणाराही नियोजनाच्या लेखी नसतो. आणि ही गोष्ट दलित-आदिवासींना नवी नाही.

२

डहाणू तालुका मुंबईच्या उत्तरेला, गुजरातच्या सीमेलगत. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. पूर्वेला डोंगर आणि जंगल, तिथे वारली, कोकणा, कातकरी. मध्ये चिकूच्या बागा, त्यांचे मालक बरेचसे पारशी आणि इराणी. बागेत राबणारे हात वारल्यांचे. पश्चिमेला समुद्र आणि त्याच्या काठाने मांगेला, वैती, माच्छी यांची गावे. या सगळ्यांच्या सांदीकोपऱ्यात आमच्यासारख्यांचे वाडे.

या तालुक्याचा इतिहास मुळात श्रमाच्या लुटीचा आहे. इथल्या वारल्यांनी १९४५ साली किसान सभेच्या लाल बावट्याखाली बंड केले ते वेठीविरुद्ध आणि लग्नगडीविरुद्ध. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने जन्मभर सावकाराच्या वाड्यावर राबायचे, ही लग्नगड्याची पद्धत होती. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या लढ्याची हकिकत लिहिली आहे. जंगल वारल्यांचे होते, पण कागदावर ते सरकारचे नाही तर सावकाराचे होते.

समुद्राकडेही असाच एक अलिखित व्यवहार चालत आलेला आहे. डोल जाळे हे वाहत्या पाण्यात तोंड उघडून बसवायचे जाळे. भरती-ओहोटीचा ओढा जितका जोराचा तितका बोंबील आणि जवळा त्यात शिरणार. हे जाळे बांधण्यासाठी समुद्राच्या तळात खुंट ठोकतात. त्याला कव म्हणतात. कोणाची कव कुठे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. त्यावरून गावागावांत तंटे होतात, बैठका होतात, समेट होतात. कव म्हणजे समुद्राचा तोंडी सातबारा आहे. फक्त तो तलाठ्याच्या दप्तरात नाही.

सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या या पट्ट्याला मच्छीमार सोनेरी पट्टा म्हणतात. पापलेट, घोळ, दाढा, बोंबील, कोळंबी. खाड्यांची तोंडे, चिखलाचे उथळ किनारे आणि खडकाळ भाग एकमेकांना लागून असल्यामुळे इथे मासा विणीला येतो आणि पिल्ले वाढतात. ज्या पापलेटला महाराष्ट्र शासनाने २०२३ साली राज्यमासा म्हणून मान दिला, तो पापलेट याच पाण्याचा. मानाची घोषणा झाली, कारण तो मासा कमी होत चालला होता.

स्वातंत्र्यानंतर या किनाऱ्यावर एक मोठा बदल झाला. शिडाच्या होड्यांना डिझेलची इंजिने लागली. सरकारने कर्जे दिली, सहकारी संस्था उभ्या राहिल्या. होडी लांब जाऊ लागली, जास्त मासा आणू लागली. हा विकासच होता आणि तो मी नाकारीत नाही. पण वारा फुकट होता, डिझेल फुकट नव्हते. इंजिन, बर्फ, डिझेल यांना भांडवल लागले आणि ज्याच्याकडे भांडवल तो बोटमालक झाला. उरलेला खलाशी झाला. मिळकतीचे वाटे पडू लागले. बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि शेवटी माणसाचा वाटा.

माझे वडील असे खलाशी होते. समाज वेगळा, तरी पोटासाठी दुसऱ्याच्या बोटीवर चढलेले. आयुष्यभर समुद्रावर गेले, पण मच्छीमार म्हणून त्यांच्या नावाची नोंद कोणत्याही यादीत नव्हती. तांडेल त्यांना प्रेमाने वागवी, पण त्यांचा जेवणाचा वाडगा वेगळा असे. हेही इतिहासात लिहून ठेवले पाहिजे. समुद्राचे पाणी खारट असले तरी जात त्यात विरघळत नाही.

आज या तालुक्यातील आणि शेजारच्या तलासरीतील कितीतरी वारली तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. त्यांतले काही सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षे राहिले आहेत. ज्यांच्या आजोबांनी जमिनीवरची वेठ मोडली, त्यांचे नातू समुद्रावर उचलीच्या पैशापायी बांधले गेले. मच्छीमारांच्या प्रश्नावर बोलताना हा खलाशी आपण विसरलो, तर आपणही नियोजनकर्त्यांसारखेच आंधळे ठरू.

३

आता वीज.

भारतातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला, डहाणूच्या दक्षिणेला अगदी जवळ, अमेरिकेच्या मदतीने उभे राहिले आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाले. समुद्राचे पाणी यंत्रे थंड करायला हवे म्हणून जागा किनाऱ्याची. वस्ती विरळ म्हणून जागा मुंबईपासून दूरची. वीज महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांना. जागा निवडण्याचे हे निकष तांत्रिक आहेत असे आपल्याला सांगितले जाते. पण ‘वस्ती विरळ’ याचा अर्थ काय? तिथे माणसे होती. ती गरीब होती, पांगलेली होती आणि त्यांचा आवाज मुंबईपर्यंत पोचत नव्हता. विरळ होता तो त्यांचा आवाज.

पुढे तिथेच ५४० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्या आल्या. त्या २००५ आणि २००६ साली सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. गावकऱ्यांना किनाऱ्यापासून आत वसवण्यात आले. ज्याच्याकडे जमीन होती त्याला जमिनीचा मोबदला देण्याची काही रीत कायद्यात आहे. पण दारातून होडी ढकलणाऱ्या माणसाला किनाऱ्यापासून आत नेऊन पक्के घर दिले, तर ते पुनर्वसन होते की धंद्याची समाप्ती? घराचे क्षेत्रफळ मोजता येते. घरापासून लाटेपर्यंतचे अंतर कोणत्याही मोबदल्याच्या तक्त्यात मोजले जात नाही.

दुसरे केंद्र डहाणूचे. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बी.एस.ई.एस. कंपनीचे ५०० मेगावॅटचे कोळशावरचे केंद्र डहाणूच्या खाडीकाठी मंजूर झाले. १९८९ साली केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने परवानगी दिली. स्थानिकांनी आणि मुंबईच्या पर्यावरणवाद्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, नंतर सर्वोच्च न्यायालयात. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या बाजूने निकाल दिला. १९९५ च्या सुमारास केंद्र सुरू झाले. धुरातील गंधक काढून टाकणारे संयंत्र बसवण्याचा आदेश पुढे १९९९ साली निघाला आणि ते प्रत्यक्षात बसले २००७ साली. आठ वर्षे. या आठ वर्षांत मी पाचवीतून बारावीला गेलो.

वीज मुंबईच्या उपनगरांना, राख आणि गरम पाणी डहाणूला. हे वाक्य घोषणेसारखे वाटेल, पण ती वस्तुस्थिती आहे आणि त्यामागे कोणाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. नियोजनाचा तोच नियम आहे. शहर म्हणजे मागणी आणि किनारा म्हणजे जागा. मागणीला माणसे असतात, जागेला फक्त गट क्रमांक असतो.

मच्छीमाराला ऊर्जा नको आहे असे कोणी समजू नये. त्याला डिझेल हवे, बर्फ हवा, शीतगृह हवे, पहाटे मासळीच्या लिलावाला उजेड हवा. मासा बर्फावाचून दोन दिवस टिकत नाही आणि बर्फ विजेवाचून होत नाही. पण किनाऱ्यावर वीज केंद्र उभारताना ‘या गावांच्या बर्फासाठी किती वीज राखून ठेवायची’ हा प्रश्न नियोजनाच्या टेबलावर का येत नाही? किनारा हा विजेचा ग्राहकही आहे ही कल्पनाच तिथे नसते म्हणून.

४

नियोजनाचा कायदा नव्हता असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याखाली प्रदेशाचा आराखडा करायचा असतो. कुठे शेती, कुठे वसाहत, कुठे उद्योग, असे रंग नकाशात भरायचे असतात. या नकाशाकडे मी पुष्कळ वेळ पाहत बसलो आहे. जमिनीवर हिरवा, पिवळा, जांभळा रंग. आणि किनाऱ्याची रेघ संपली की पुढे कोरा कागद. ज्या पाण्यात प्रत्येक कवीला मालक आहे, प्रत्येक खडकाला नाव आहे, प्रत्येक मोसमाचा मासा ठरलेला आहे, ते पाणी नकाशात कोरे. मासळी वाळवण्याची मोकळी पुळण, होड्या ओढून ठेवण्याची जागा, जाळी विणण्याची सावली, यांनाही नकाशात रंग नाही. त्या ‘पडीक’.

तरीही डहाणूच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट घडली आणि ती आपण समजून घेतली पाहिजे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. प्रदूषणकारी उद्योगांना बंदी घातली, भोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखला आणि राज्य सरकारला तालुक्याचा आराखडा करायला सांगितले. अंमलबजावणी होईना, म्हणून बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. त्यातून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. एका तालुक्याच्या पर्यावरणासाठी स्वतंत्र प्राधिकरण, ही देशातली दुर्मीळ घटना होती.

याच काळात वाढवण येथे प्रचंड बंदर बांधण्याची योजना आली. १९९७ साली पी अँड ओ या परदेशी कंपनीच्या मार्फत ते व्हायचे होते. मच्छीमार उठले, शेतकरी उठले, बागायतदार उठले, आदिवासी संघटना उठल्या. सप्टेंबर १९९८ मध्ये प्राधिकरणाने निर्णय दिला की अधिसूचनेप्रमाणे डहाणूत असे बंदर होऊ शकत नाही. योजना मागे पडली. हा विजय होता आणि तो कोणी लहान लेखू नये.

परंतु त्या विजयाची जात आणि वर्ग आपण तपासला पाहिजे. न्यायालयापर्यंत जायला इंग्रजी लागते, वकील लागतो, मुंबईत ओळख लागते. ते बागायतदारांकडे आणि शहरातील पर्यावरणप्रेमींकडे होते. त्यांनी तालुका वाचवला हे खरे. पण न्यायालयासमोर जे पर्यावरण उभे राहिले त्यात जंगल होते, बाग होती, हवा होती. बागेत दिवसाच्या मजुरीवर चिकू तोडणारी वारलीण त्यात फारशी नव्हती. खाडीच्या चिखलात हाताने निवट्या आणि खेकडे धरणारी बाई त्यात नव्हती. सुक्या बोंबलाची पाटी डोक्यावर घेऊन पाड्यापाड्यांवर फिरणारी माझी आई तर नव्हतीच. पर्यावरणाला कायद्याने संरक्षण मिळाले. पर्यावरणावर जगणाऱ्या श्रमाला ते मिळाले नाही.

याचा परिणाम वीस वर्षांनी दिसला.

५

२०१५ साली जवाहरलाल नेहरू बंदर न्यास आणि महाराष्ट्र शासन यांनी वाढवणची योजना पुन्हा काढली. मधली अडचण एकच होती, १९९१ ची अधिसूचना आणि १९९८ चा निर्णय. ही अडचण कशी दूर झाली ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावे. २०२० साली केंद्रीय पातळीवर बंदरांचे वर्गीकरण बदलण्यात आले. बंदर हे ‘उद्योग’ या सदरात मोडत नाही, असे ठरले. मग ज्या तालुक्यात प्रदूषणकारी उद्योगांना बंदी आहे तिथे बंदराला बंदी कशी लागू होईल? समुद्र तोच राहिला, मासा तोच राहिला, बंदर पूर्वीपेक्षा मोठे झाले. बदलला फक्त एक शब्द.

आपण शब्दांच्या या सामर्थ्याला चांगले ओळखतो. ‘गावकुसाबाहेर’ हा एक शब्द होता. ‘वतन’ हा एक शब्द होता. वेठीला वतन म्हटले की ती वेठ राहत नसे, मान होत असे. बंदराला उद्योग नाही म्हटले की ते प्रदूषण राहत नाही, विकास होते. वर्गीकरण करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यवस्था. चातुर्वर्ण्य म्हणजे तरी दुसरे काय होते?

३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने अटींसह बंदराला संमती दिली. न्यायमूर्ती धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीतच निवर्तले होते. १९ जानेवारी २०२४ ला पालघर येथे जनसुनावणी झाली, पुढच्याच महिन्यात पर्यावरणविषयक मंजुरी आली. प्राधिकरणाच्या संमतीविरुद्धच्या याचिका एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली.

योजना अशी : समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, नऊ कंटेनर टर्मिनल, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत, वर्षाला २९८ दशलक्ष टन मालाची क्षमता. भरावासाठी वाळू दमणजवळच्या समुद्रतळातून उपसायची. योजनेच्या समर्थकांचे एक म्हणणे पुन्हापुन्हा ऐकू येते : भराव समुद्रात आहे, त्यामुळे बंदरासाठी गावे उठवावी लागत नाहीत. विस्थापन जवळजवळ नाही.

या एका वाक्यात माझ्या लेखाचा सगळा विषय आला. १,४४८ हेक्टर शेतजमीन घेतली असती तर किती खातेदार, किती कुटुंबे, याची यादी झाली असती. १,४४८ हेक्टर समुद्र घेतला तर विस्थापन शून्य. समुद्राला खातेदार नाही. कव तलाठ्याकडे नोंदवलेली नाही. लाटरोधक भिंतीने पाण्याचा ओढा बदलला तर डोल जाळ्यात बोंबील शिरणार की नाही, हा प्रश्न घर पाडण्यात बसत नाही, जमीन घेण्यात बसत नाही. घर जागच्या जागी राहते, माणूस जागच्या जागी राहतो आणि धंदा तेवढा निघून जातो. याला विस्थापन म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

२०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मच्छीमार समाजाची उपजीविका सुरक्षित करणे हा आपला उद्देश असल्याचे लिहिले होते. उद्देश चांगला होता. पण उद्देशाला सातबारा नसतो.

६

इथे माझ्या वाचकांच्या मनात एक शंका येईल आणि ती योग्य आहे. मग आपण वीज नको म्हणायचे? बंदर नको म्हणायचे? गावगाड्याचे आणि होडीवल्हवणीचे गोडवे गायचे?

नाही. मी बाबासाहेबांचा विद्यार्थी आहे. गावाचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी घटना समितीत काय उत्तर दिले ते आपल्याला माहीत आहे. आणखी एक गोष्ट मात्र आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाटबंधारे हे विषय बाबासाहेबांकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये विद्युतशक्तीच्या धोरणसमितीपुढे त्यांनी भाषण केले. विजेचा प्रश्न त्यांनी तारा आणि खांबांचा प्रश्न म्हणून मांडला नाही. या देशातला माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून कसा सुटेल, या प्रश्नाशी त्यांनी तो जोडला. शेतीवरचा भार कमी करायचा तर उद्योग हवेत, उद्योगांना वीज हवी, ती मुबलक आणि स्वस्त हवी, म्हणून ती सरकारच्या मालकीची असावी, असा त्यांच्या विचाराचा ओघ होता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत हे त्यांनी घटनेतच लिहा म्हणून सुचवले.

म्हणजे आमचा नेता विजेच्या विरोधात नव्हता, तो तिचा पुरस्कर्ता होता. पण विजेकडे तो ज्या प्रश्नाने गेला तो प्रश्न आजच्या नियोजनातून गळून पडला आहे : ही वीज कोणाला दारिद्र्यातून सोडवणार?

बाबासाहेबांच्या चरित्रातली कोकणाशी जोडलेली दुसरी गोष्टही इथे आठवावी. खोती. खोत हा कागदावरचा मालक, कूळ हे श्रमाचे मालक. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने आले. त्या मोर्च्यात महार होते, कुणबी होते. ज्याचे श्रम जमिनीत मुरले आहेत त्याचा जमिनीवर हक्क आहे, कागद काही म्हणो, हे त्या विधेयकाचे मर्म होते. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जे पाणी आपण ओंजळीत घेतले तेही सार्वजनिक पाणी होते. त्याच्यावर हक्क सांगायला आपल्याला सातबारा लागला नाही.

हाच न्याय आपण समुद्राला का लावू नये?

७

आमच्या चळवळीने समुद्राकडे फारसे पाहिले नाही हे कबूल केले पाहिजे. आपली कविता गावकुसापाशी उभी राहिली, झोपडपट्टीत उभी राहिली, कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. किनाऱ्यावर ती क्वचितच गेली. मच्छीमार म्हणजे दुसऱ्या जातीचा प्रश्न, असे आपण मानले. मच्छीमारांच्या संघटनांनीही खलाशाला, पाटीवालीला, चिखलात खेकडे धरणारीला आपल्या मागण्यांच्या यादीत शेवटी ठेवले. प्रत्येकाने आपापल्या सातबाऱ्यापुरती लढाई लढली. ज्यांना सातबाराच नाही ते सगळे एकत्र आले असते तर वारली, मांगेला, कातकरी आणि बौद्ध असा एक मोठा समाज या किनाऱ्यावर उभा राहिला असता.

माझ्या मते आपण तीन मागण्या धरून बसले पाहिजे. पहिली, मालकीची नोंद होते तशी श्रमाची आणि वापराची नोंद झाली पाहिजे. कोणाची कव कुठे, कोण कोणत्या पुळणीवर मासळी वाळवतो, कोण कोणत्या बोटीवर खलाशी आहे, कोणती बाई कोणत्या पाड्यांवर माल नेते, हे ग्रामसभेने लिहून काढावे आणि त्याला कायद्याचे बळ मिळावे. दुसरी, जागा ठरल्यानंतर सुनावणी हा प्रकार थांबावा. जागा ठरवतानाच किनाऱ्याचा माणूस टेबलाशी असावा. तिसरी, ज्या किनाऱ्यावर वीज निर्माण होते त्या किनाऱ्याच्या बर्फाला, शीतगृहाला, शाळेला आणि कागद नसलेल्या घरांना त्या विजेत पहिला वाटा असावा.

या मागण्या बंदर थांबवतील असे मी म्हणत नाही. माझ्या वर्गातली काही मुले बंदरात नोकरी लागेल या आशेवर आहेत. त्यांना मी मूर्ख म्हणू शकत नाही. बापाच्या खलाशीपणातून सुटायचे आहे, ही आशा माझ्याही मनात होती म्हणून मी शिकलो. मी त्यांना एवढेच विचारतो की ज्या नोकरीची तुम्ही वाट पाहता तिचा कागद कोणाच्या हाती आहे? आणि तुमच्या आईच्या पाटीची नोंद कोणत्या रकान्यात आहे?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एक सर्वेक्षण झाले. फॉर्म घेऊन आलेला तरुण आमच्याच समाजातला, माझ्यासारखाच शिकलेला. ओट्यावर बसून तो विचारू लागला. गट क्रमांक? नाही. क्षेत्र? नाही. विहीर? नाही. फळझाडे? एक शेवगा. बोट? नाही. आई आतून चहा घेऊन आली. तिने चाळीस वर्षे सुके बोंबील आणि जवळा पाटीत भरून डोंगरातल्या पाड्यांवर नेला, बदल्यात तांदूळ आणि नागली आणली, त्यावर आम्ही तिघे भावंडे वाढलो. फॉर्म संपत आला तेव्हा तिने विचारले,

“माझा धंदा कशात लिहिला, बाळा?”

त्याने फॉर्म वरून खाली पाहिला. मग मागच्या बाजूला उलटून पाहिला. शेवटी म्हणाला, “मावशी, तसा कॉलम नाही यात.”

तो खोटे बोलला नाही. त्याचा दोषही नव्हता. पण इतिहासाचा शिक्षक म्हणून मला त्या दिवशी माझे काम कळले. तो कॉलम छापून येईल याची वाट पाहत बसणे हे आपले काम नव्हे. या सुट्टीत माझ्या विद्यार्थ्यांनी आणि मी गावागावांत जाऊन वह्या भरायला सुरुवात केली आहे. कोणाची कव, कोणाची पुळण, कोणाची पाटी, कोण कोणाच्या बोटीवर. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर एका खलाशाचे नाव आहे आणि दुसऱ्या ओळीत सुकी मासळी विकणाऱ्या एका बाईचे.

या कामाला सरकारी शिक्का नाही. १९३८ साली मोर्च्यात चालत आलेल्या कुळांच्या पायांनाही नव्हता.